कायद्याने ही बंदूक नाही

शनिवार, १४ जुलै २००७

आली एकदाची. एनफिल्ड, १८५३चं मॉडेल, ब्रिटिश लष्कराची, ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची, मग लोखंडी गजाने दोन्ही ठासायचं. खोकं आमच्या लेकीपेक्षा, हिमानीपेक्षा उंच. कुरियरवाल्याने आत काय आहे विचारलं. म्हटलं, हिस्टरी. सही घेऊन गेला.

रत्नाचा चेहरा पाहण्यासारखा. एप्रिलमध्ये आपल्याच व्हर्जिनियात, त्या कॉलेजात गोळीबारात काय झालं ते विसरलास का, म्हणाली. मुद्दा भावनिक आहे. शांतपणे समजावलं की इतकी जुनी बंदूक कायद्याने बंदूकच नाही. अँटिक आहे. टी-सेटसारखी. टी-सेटने कोणी मरत नाही, असं ती म्हणाली. चर्चा तिथेच थांबवली. बायकोशी कायद्यावर बोलू नये.

चापाला दोऱ्याने एक पिवळा टॅग बांधलेला होता. वापरण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी, वगैरे. या देशात असले टॅग हेअर ड्रायरलाही असतात. कापला. बुकमार्क म्हणून बरा आहे.

संकल्प: दर शनिवारी रेंजवर नेमबाजी. दसऱ्यापर्यंत शंभर यार्डांवरून ताटलीएवढं टार्गेट. रोजनिशी रोज.

रविवार, १५ जुलै

नळीवर देवनागरी आकडे! अंगावर काटा आला. बंदूक इंग्रजांची आणि आकडे देवनागरी. म्हणजे हिंदुस्थानी शिपाई. म्हणजे सत्तावन्न साल. म्हणजे कदाचित आमचेच कोणी सबनीस. खापरपणजोबा सत्तावन्नला लढले होते असं लहानपणापासून ऐकत आलोय. कोणाकडून ते आता आठवत नाही.

हिमानीने इंटरनेटवर पाहून सांगितलं की अशा बंदुका नेपाळच्या एका जुन्या कोठारातून गठ्ठ्याने आल्या आहेत आणि आकडे नेपाळी पलटणीचे आहेत. विचारलं, मग नेपाळला ती कुठून गेली? तिने खांदे उडवले. चौदाव्या वर्षी मुलांना वाटतं, आपल्याला सगळं कळतं. जाता जाता म्हणाली, "बाबा, इज इट इव्हन एम्प्टी?" दीडशे वर्षांच्या वस्तूबद्दल हा प्रश्न. इथे वाढलेल्या मुलांना इतिहासाचा आदर नाही.

शनिवार, २१ जुलै

रेंज पुढच्या आठवड्यापासून. आज साफसफाई.

यंत्र साधं आहे. मागच्या टोकाला बाहेरून एक छोटं बोंड असतं, त्याला सुईएवढं भोक. बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते, दारू पेटते. बंदुकीसाठी आणलेल्या पुस्तकात लिहिलंय की तोंडाकडून फुंकर मारली तर हवा बोंडातून बाहेर आली पाहिजे. नळीला तोंड लावून फुंकलं. येईना. पुन्हा फुंकलं. गाल दुखायला लागले, डोळ्यापुढे काजवे.

निदान: बोंड तुंबलंय. रत्नाच्या शिवणाच्या डब्यातली बारीक सुई घेऊन दुपारभर कोरलं. आता सुई अलगद आत जाते. भोक लख्ख. असं काम नेमबाजांच्या एखाद्या क्लबातही कोणी करून दिलं नसतं.

हवा मात्र तरीही येत नाही. आत जुनं ग्रीस असणार. नेपाळात थंडी, चरबी गोठते.

रविवार, २२ जुलै

पुस्तकातल्या चित्रात गज रिकाम्या नळीत सोडला की तोंडाशी बरोबर टेकतो. माझा चार बोटं वर राहतो. खाली आपटून पाहिला. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा खणखणीत आवाज यायला हवा होता. भिजल्या पोत्यावर काठी मारावी तसा आला.

बराच विचार केला. निष्कर्ष एकच निघतो, गज या बंदुकीचा नाही. कोठारात अदलाबदल झाली असणार. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच. हार्डवेअर स्टोअरमधून करवत आणली आणि चार बोटं कापला. आता अगदी तंतोतंत टेकतो. ऐतिहासिक चूक दुरुस्त करण्याचं समाधान वेगळंच. मित्राला, विनयला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, यार, तू तरी धन्य आहेस. कौतुकानेच म्हणाला असावा.

शनिवार, ४ ऑगस्ट

लीसबर्गच्या पुढे जुन्या बंदुकांचा एक क्लब आहे. फोन केला. सुरक्षेचं काम कॅरल नावाच्या बाई बघतात. निवृत्त शाळा-प्रिन्सिपल. आवाजावरूनच कळतं. आधी ओरिएंटेशनला या, बंदूक आणा, टोपी आणू नका, पहिलं काम नळी तपासायचं, म्हणाल्या. मी सांगितलं की सगळी तपासणी घरी झाली आहे. गज कसा बसतो, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तंतोतंत. हे अक्षरशः खरं आहे.

तरीही आणाच, म्हणाल्या. नवशिक्यांच्या बाकावर बसायचं म्हणजे जरा जिवावर आलं. पुढच्या बॅचला बघू. या महिन्यात ऊनही फार आहे.

शनिवार, १८ ऑगस्ट

आई आली. डलस विमानतळावर रत्ना आणि मी घ्यायला गेलो. प्रवासाने थकली होती, पण घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी तिला बंदूक दाखवली. तिने नमस्कार केला. हा फरक असतो पिढीचा.

मात्र खापरपणजोबांचा विषय काढल्यावर तिने घोळ घातला. "ते कसले लढतायत. सत्तावन्नला ते कुरुंदवाडला सासुरवाडीत हिवतापाने पडले होते. सबनीस म्हणजे हजेरी मांडणारे रे." आईचं वय झालंय. शिवाय हजेरी कोणाची मांडायचे? सैन्याचीच ना? म्हणजे घराणं लष्करी ते लष्करीच.

दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे, मग माझ्या बहिणीकडे, राधिकाकडे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. राधिकाच्या आधी माझ्याकडे आली हे मी विनयला सांगितलं.

शनिवार, १ सप्टेंबर

लाँग वीकेंड. रेंज आज नाही, गर्दी असते. बंदूक हॉलमध्ये फायरप्लेसच्या बाजूच्या भिंतीवर लावली. दोन पितळी हुक. कॅटलॉगमधल्यासारखी तिरकी, तोंड खाली. घोडा आणि त्याच्याशेजारी कोरलेला ब्रिटिश राजमुकुट उजव्या अंगाला असतो, तो दिसायचा तर तोंड उजवीकडेच येतं. उजवीकडे खिडकीतली आईची खुर्ची आहे. सकाळचं ऊन तिथेच येतं, म्हणून तिने ती जागा धरली आहे. तिथे बसून विणकाम करते.

चहाच्या वेळी म्हणाली, "तोंड माझ्याकडे आहे रे तिचं." म्हटलं, आई, ती कायद्याने बंदूक नाही. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, खुर्ची जरा सरकवू का? सरकवली तर खोलीचा बॅलन्स जातो. तसं सांगितलं. नाही सरकवली. आई मुळातच समंजस आहे.

मंगळवार, ११ सप्टेंबर

ऑफिसात मनस्ताप. अमितने एक जुनी बॅकअप टेप रिकामी असेल असं समजून त्यावर काम केलं. निघाली भरलेली. क्लायंटचा डेटा गेला. त्याला केबिनमध्ये बोलावून चांगला झापला. रिकामी आहे हे तुला कोणी सांगितलं? तपासलंस का? गृहीत धरणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, हे त्याला तीनतीनदा सांगितलं. खाली मान घालून ऐकत होता. नव्या मुलांमध्ये शिस्तच नाही.

शनिवार, १५ सप्टेंबर

गणपती. पंधरा-वीस मंडळी. आरतीनंतर साहजिकच सगळे बंदुकीभोवती. खाली काढून दाखवली. मुलांना वजन पेलत नव्हतं, म्हणून दस्ता कार्पेटवर टेकवून उभी धरली. सीमाचा आयुष सोफ्यावर चढून एक डोळा मिटून नळीत बघत होता. "इट्स ऑल ब्लॅक, काका." म्हटलं, इतिहासाचा अंधार आहे बेटा. सगळे हसले. सीमा हसली नाही, विनयची बायको मुळात गंभीर स्वभावाची.

मग घोडा ओढून चाप दाबून दाखवला. खट. अस्सल पोलादाचा आवाज. पुन्हा पुन्हा मागणी आली, पुन्हा पुन्हा दाखवला. हिमानी मोदकाची ताटली तशीच ठेवून वर निघून गेली. तिला मित्रमैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणे. वय आहे.

शनिवार, २९ सप्टेंबर

ओरिएंटेशन आज होतं. सकाळी आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला नाही, पण पडू शकला असता. कॅरलबाईंचा फोन आला, घेतला नाही. मेसेज ठेवला आहे: बंदूक कुणी तपासेपर्यंत तिला टोपी लावू नका. बाईंना स्वतःचं महत्त्व फार.

आणि आजच टोप्यांची डबी आली! काय सुंदर वस्तू. तांब्याच्या इवल्याशा टोप्या, आत चिमूटभर मसाला. म्हणजे आपल्या टिकल्याच की. दिवाळीत पत्र्याच्या पिस्तुलात लाल टिकल्यांची गुंडाळी घालून दिवसभर फटफट करायचो. आमच्या मिरजेच्या वाड्यात... नको, आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं होतं, पण जिना मोठा होता. जिन्यात आवाज घुमायचा. आई ओरडायची नाही. उलट टिकल्या संपल्या की बाबांच्या नकळत आणून द्यायची.

कल्पना सुचली. सांगत नाही. छे, इथे न सांगून कुठे सांगणार. दसऱ्याला संध्याकाळी सगळ्यांसमोर एक टिकली फोडायची. घरातच. दारू नाही, गोळी नाही, नुसती टिकली. फट्. शिलंगणाची सलामी. आईला केवढं वाटेल.

शनिवार, १३ ऑक्टोबर

घटस्थापना काल झाली. बेत ठरला. पुढचा रविवार दसरा, विनय-सीमा आणि आणखी चार घरं. सोनं म्हणून आपट्याची पानं नाहीत, हिमानी सोनेरी कागदाची कापते आहे.

रत्नाला टिकलीचं सांगितलं. तिने हातातलं काम ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं की आत काही नाही हे तुला नक्की माहीत आहे का. ती हळू बोलते तेव्हा मला जास्त राग येतो. गज काढून दाखवला, तोंडाशी कसा टेकतो ते. कापलेलं सांगितलं नाही, उगाच विषय वाढतो. ती बघत राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, तुला कळतं म्हणतोस तर. तिचा विश्वास बसला. मलाही इतकं व्यवस्थित पाहून बरं वाटलं.

आईची खुर्ची आज खिडकीतून पार डायनिंगपाशी गेलेली. हिमानीचं काम. परत जागेवर आणून ठेवली.

शनिवार, २० ऑक्टोबर. खंडेनवमी.

आईने सकाळी उठून चौरंग मांडला. तिची पद्धत अशी की घरात जे जे राबतं त्याची आज पूजा, आणि हळदकुंकू वस्तूवर कुठेतरी नाही लावायचं, ती जिथून काम करते तिथे लावायचं. सुरीच्या धारेला. कात्रीच्या सांध्याला. रत्नाच्या लॅपटॉपला कुठे लावू म्हणून विचारत होती, रत्नाने घाबरून झाकणावर लावायला लावलं. हिमानीच्या व्हायोलिनच्या तारांना. व्हॅनला किल्ली फिरवतात तिथे.

मग बंदूक. मला म्हणाली, ही कुठून काम करते? शेवटी कोणीतरी विचारलं. सगळं समजावून सांगितलं. नळी, घोडा, चाप. आणि हे बोंड, आई, हे सगळ्यात महत्त्वाचं. ठिणगी इथून आत जाते. हिचा जीव इथे आहे.

तिने हळदकुंकू पाण्यात कालवून घट्ट केलं, बोट भरून घेतलं आणि त्या बोंडावर दाबून लावलं. भक्तिभावाने. वर तांदळाचे दाणे चिकटवले. नळीच्या तोंडात झेंडूचं फूल. मग काकड्यासारखी मोठी वात घेऊन ओवाळलं, इतक्या जवळून की मुकुटावर उजेड नाचत होता. मी फोटो काढले.

नवमीला पूजेतलं हत्यार वापरायचं नसतं. उद्यापर्यंत चौरंगावरच विश्रांती. सुरीशिवाय स्वयंपाक कसा करणार म्हणून पिझ्झा मागवला.

रविवार, २१ ऑक्टोबर. दसरा. सकाळ.

झोप झाली नाही, उत्साहाने. बंदूक वरून पुसून घेतली. डबीतल्या तीन टोप्या कुडत्याच्या खिशात. भाषण तयार आहे. हुतात्मे, घराणं, मग टिकली. विनय नवा कॅमेरा आणतोय.

तोच दिवस. रात्री जेवणं झाल्यावर.

लिहायचं मन नाही. पण नियम म्हणजे नियम.

भाषण छान झालं. विनय म्हणाला, समोरून फोटो घेतो, नळीचं तोंड आणि तुझा चेहरा एका फ्रेममध्ये येऊ दे. तो समोर गुडघ्यावर बसला. त्याच्या मागे खुर्चीत आई, नवी साडी, मांडीवर सोन्याच्या पानांची ताटली. हिमानी तिचा हात धरून किचनमध्ये चल म्हणत होती. आई म्हणाली, "अगं बसू दे. त्याला मी बघायला हवीय." बरोबर होतं तिचं.

टोपी बसवली. थोडी अडकत होती, दाबून बसवली. दस्ता खांद्याला. सीमाने आयुषला जवळ ओढलं. चाप ओढला.

फट्. एवढंच. पापड मोडल्याएवढं.

दुसरी टोपी. फट्. तिसरी. फट्. विनय कॅमेऱ्याआडून म्हणाला, यार, आमची लहानपणीची टिकली याच्यापेक्षा जोरात वाजायची. हशा पिकला. लहान मुलंसुद्धा हसली. टोपी काढून पाहिलं तर बोंडावर पिवळा-लाल थर, वाळून सिमेंट झालेला. भोक बुजलेलं. पुस्तकात टोपीबरोबर नळीच्या तोंडातून धूर येतो असं लिहिलंय, तो या हळदीने अडवला. त्याच्याशिवाय शोभा नाही.

मी आईला बोललो. सगळ्यांसमोर. जरा मोठ्याने. कुणी सांगितलं होतं तिथे चिखल करायला, कळत नाही तर हात कशाला लावायचा, मी महिनोन् महिने केलेलं काम एका बोटाने घालवलंस, असं काहीसं. आणखीही बोललो असेन.

आई ताटली धरून उभी राहिली. म्हणाली, "तूच म्हणालास, जीव तिथे आहे."

मग तिने सगळ्यांना एकेक सोनेरी पान दिलं आणि खोलीत गेली. मंडळी लवकर निघाली. उद्या ऑफिस आहे सगळ्यांना.

बुधवार, २४ ऑक्टोबर

आई बोलते, पण कामापुरतं. आपलं ताट आपणच धुते. खुर्ची तिने स्वतः भिंतीला लावून ठेवली आणि खोलीत बसून विणते. तिथे ऊन नाही.

राधिकाकडे आत्ताच जाते म्हणाली. रविवारचं तिकीट राधिकाने काढलंसुद्धा. दिवाळी इथे करायची ठरली होती. रत्ना माझ्याशी बोलत नाही, हिमानी इंग्रजीतही नाही. मला वाटतं हवापालट आईला मानवेल. कॅलिफोर्नियाची हवा चांगली.

बंदुकीची बाजू कोणीच विचारात घेत नाही. बोंड सुईने निघत नाही आता. शनिवारी क्लबात नेतो. कॅरलबाईंना दाखवतो घरच्या लोकांनी काय केलंय ते.

शनिवार, २७ ऑक्टोबर

कॅरलबाईंनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि तोंड मातीच्या बांधाकडे केलं. स्वतःचा गज आणला. नळीत सोडला. तो वर राहिला. चार बोटं, थोडी जास्तच. त्यांनी गज तसाच ठेवला, माझा काढून शेजारी धरला. याला कुणी कापलंय, विचारलं. मी म्हटलं, आला तसाच आहे. त्यांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, नवीन चकाकतंय.

मग रेंजवरच्या सगळ्यांना थांबवलं. मागच्या रेषेपलीकडे जायला सांगितलं. मलाही.

बोंड पान्याने फिरवून काढलं. आतून पिवळी कांडी निघाली, पेन्सिलच्या शिशासारखी. व्हॉट इज धिस, म्हणाल्या. टर्मरिक. कोणी भरली? माझ्या आईने. का? ते इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. मधल्या काळात टोपी उडवली होती का, असं त्यांनी विचारलं. तीन, म्हटलं. कुठे? घरात. समोर कोण होतं?



बोंडाच्या जागी त्यांनी हवेच्या दाबाची एक नळकांडी लावली. दाबल्याबरोबर काहीतरी धप्पकन बांधात घुसलं. खणून काढलं. शिशाची गोळी, अंगठ्याच्या पेराएवढी. मागोमाग काळे दाणे, ते खाली अंथरलेल्या कापडावर पडले. कोरडे. साखरेसारखे सळसळत होते. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत मेली असेल दारू.

त्यांनी चिमूटभर काँक्रीटवर ठेवली आणि लांब काडी लावली.

वेळच लागला नाही. भस्सकन पांढरा ढग, आणि कुजक्या अंड्याचा वास. तो अजून शर्टाला आहे.

कॅरलबाई म्हणाल्या, "युअर मदर. इज शी स्टिल विथ यू?"

त्यांना घरी आहे का, असं विचारायचं होतं. मी येस म्हटलं आणि बाकावर बसलो. नवशिक्यांचा बाक होता.

बंदूक तिथेच ठेवून आलो. विकली तर विका म्हटलं. गोळी त्यांनी पुडीत बांधून दिली. घरी सगळं सांगायचं ठरवलं. आधी आईला. आज ती बॅग भरत होती. उद्या गाडीत सांगतो, गाडीत बोलायला निवांत असतं.

रविवार, २८ ऑक्टोबर

गाडीत रत्ना आणि हिमानीही होत्या. डलसला रांग होती. सिक्युरिटीपाशी आईने हिमानीला कुरवाळलं, रत्नाला अर्धवट विणलेला स्वेटर दिला, पुरा कर म्हणाली. माझा आहे. मी वाकलो तेव्हा पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखा. पुडी खिशात होती. तिला दाखवून सांगायचं होतं. मागचा माणूस घाई करत होता.

घरी आल्यावर तिची खुर्ची खिडकीत आणून ठेवली. बसून पाहिलं. समोर भिंतीवर दोन हुक. वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत आणि तशीच पुढे सरळ बघत आलो तर रेषा बरोबर माझ्या छातीशी येते. आई माझ्यापेक्षा बुटकी आहे.

हुक काढले. भोकं दिसतात. उद्या बुजवतो.

संध्याकाळी फ्रीमाँटहून आईचा फोन. पोचले, प्रवास बरा झाला, राधिकाकडे थंडी नाही. मग म्हणाली, "तुझ्या बंदुकीतली हळद निघाली का रे?"

मी म्हटलं, निघाली.

"बरं झालं बाई. मला फार रुखरुख लागली होती. तुझी एवढी हौसेची वस्तू." पुढच्या वर्षी आपण तिला नुसतं फूल वाहू, म्हणाली. भोकाला हात लावणार नाही.

लाव, असं म्हणायचं होतं. सगळं सांगायचंच होतं, वाक्य जुळवलेलंही होतं. तेवढ्यात रत्नाने बोलायला फोन मागितला. दिला.